आधी बर्फाचं गणित शीक

प्रश्न : मी मत्स्यविज्ञान पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. युद्धाची झळ बसलेल्या भागांत मासेमारी पुन्हा उभी करण्याच्या कामात मला उतरायचं आहे. त्यासाठी सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करू का? बाबा म्हणतात, हे करिअर नाही, जिवाशी खेळ आहे.

उत्तर : जीवशास्त्राची ओढ असेल तर जरूर कर, पण या कामासाठी म्हणून करू नकोस. अशा किनाऱ्यांवर अनेकदा समुद्रात मासळी असते. अडतं ते समुद्रात जायला मिळण्यावर आणि आणलेला माल टिकवण्यावर. उष्ण हवेत साधारण किलोभर मासळीला किलोभर बर्फ धरतात. बर्फाला वीज हवी, वीज नसली की जनरेटर, त्याला डिझेल, आणि डिझेलचा ट्रक कुठल्यातरी चौकीवर थांबलेला. मग मच्छीमार धक्क्यावरच मिळेल त्या भावाला माल देऊन मोकळा होतो. घेणारा व्यापारीही बहुधा तोच, ज्याच्याकडून त्याने जाळ्यासाठी उचल घेतलेली असते. हा गुंता ज्याला आकड्यांत मांडता येतो, तो तिथे उपयोगाचा. म्हणून मासळी प्रक्रिया तंत्रज्ञान किंवा मत्स्य अर्थशास्त्र घे. मला विचारशील तर अर्थशास्त्र.

होड्या वाटणं त्यामानाने सोपं. फोटोही छान येतात. इंडोनेशियातल्या आचेमध्ये 2004 च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून आलेल्या कित्येक होड्या सुमार निघाल्या. तो प्रांत तेव्हा जवळजवळ तीन दशकांच्या सशस्त्र संघर्षातून जात होता. शांतता करार झाला 2005 मध्ये. तिथे ‘पांगलिमा लाओत’ ही मच्छीमारांची जुनी व्यवस्था आहे. समुद्रातले नियम आणि तंट्यांचे निवाडे तीच बघते. बाहेरून गेलेल्या माणसाने आधी तिथे जाऊन बसावं, होड्यांचं नंतर.

उत्तर श्रीलंकेत युद्ध 2009 मध्ये संपलं आणि पुढे मासेमारीवरचे निर्बंधही सैलावले, पण तमिळ मच्छीमारांच्या जाळ्यांवरून आता पाल्कच्या सामुद्रधुनीत भारतीय ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, फिरतात. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर श्रीलंकेने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तंटा मिटलेला नाही. त्यामुळे सागरी कायद्याची तोंडओळख हवीच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) लहान प्रमाणावरच्या मासेमारीविषयीची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं आत्ताच वाचून काढ.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. या कामातले नोकरीचे करार बहुधा काही महिन्यांचे असतात, ते संपले की पुन्हा शोधाशोध. शिवाय प्रत्यक्ष किनाऱ्यावरच्या कामाच्या बऱ्याच जागा स्थानिकांना मिळतात, आणि मिळायलाच हव्यात. तेव्हा पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन-तीन वर्षं शांत किनाऱ्यावरच्या एखाद्या बंदरात किंवा मच्छीमार सहकारी संस्थेत काढ : लिलाव, हिशेब, बर्फ, सगळं हाताखालून जाऊ दे. पुढे बाहेरची ऑफर आली की विमा कोण उतरवणार आणि परिस्थिती बिघडल्यास तुला बाहेर कोण काढणार, हे लेखी माग. तो कागद बाबांनाही दाखव. गोलमोल उत्तर देणाऱ्या संस्थेकडे जाऊ नकोस, पगार कितीही असो.

आणि अरबी किंवा फ्रेंचचा वर्ग याच सुट्टीत लाव.