लाइनी दोन घेतल्या, तरी नेट बंद का?

प्रश्न : दादा, माझं सावद्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नेट गेलं की धंदा बसतो म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या, दोघांचं बिल भरतो. मागे ऐन गर्दीत पाण्याच्या पाइपसाठी जेसीबी आला आणि एका फटक्यात दोन्ही बंद, दीड दिवस! मोठ्या कंपन्यांकडे तर सगळंच डबल असतं ना, मग त्यांचं एका माणसाच्या चुकीने कसं बंद पडतं?
— एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, तुमच्या लाइनी दोन होत्या पण जमिनीत खणलेली चारी एकच होती. केळीवाल्याला हे लगेच कळेल, विहिरीवर एक मोटर, बोरवर दुसरी, आणि दोन्ही एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर. मे महिन्यात डीपी जळाली की दोन्ही गप आणि बाग उन्हात.

फेसबुकचं ४ ऑक्टोबर २०२१ ला हेच झालं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं, आठवत असेल. डेटा सेंटरांना, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींना, जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कची देखभाल चालली होती, क्षमता किती आहे ते बघायला कमांड दिली आणि तिने सगळ्याच जोडण्या तोडल्या. चुकीची कमांड अडवायला प्रोग्रॅम होता, पण त्यातच बग, त्याने जाऊ दिली. मग डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारे, त्यांना डेटा सेंटर दिसेना, तर आपल्यातच बिघाड आहे असं धरून त्यांनी इंटरनेटवरून स्वतःचा रस्ताच काढून घेतला. सर्व्हर चालू, पण पोचायला वाट नाही! दुरुस्तीची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर, म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष तिथे जावं लागलं, तिथली सुरक्षा कडक, सहा तासांच्या वर गेले. मशीन ढिगाने होत्या हो, पण हुकूम सगळ्यांना एकच गेला.

अ‍ॅमेझॉनच्या एसथ्रीचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या फाइली साठवून ठेवणाऱ्या सेवेचंही तसंच, २८ फेब्रुवारी २०१७. काढायचे होते थोडे सर्व्हर, कमांडमध्ये एक आकडा किंवा शब्द चुकला आणि भलतेच जास्त निघाले, चारेक तास गोंधळ, आणि काय बंद आहे ते दाखवणारं पानही एसथ्रीवरच अवलंबून, तेही अपडेट होईना. नंतर त्यांनी टूलच बदललं, सर्व्हर आता हळूहळू निघतात आणि ठरलेल्या किमान क्षमतेखाली काढूच देत नाही. मला हे फार पटतं. आपल्याकडे अशा वेळी पहिल्यांदा चूक करणाऱ्या पोराला कामावरून काढून घरी पाठवतात, मला ऐकूनच वाईट वाटतं, कारण उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसेल, तोही दमलेला असेल आणि तोच शब्द चुकेल.

आता तुमचं. दुकानापासून दोन्ही वायरी धरून चालत जा, कोणत्या खांबावर एकत्र येतात आणि कुठे जमिनीत उतरतात ते डोळ्यांनी बघा, कंपनीच्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. एकच वाट निघाली तर एक लाइन सोडा आणि सिमवर चालणारा राउटर घ्या, घेताना त्या टॉवरची फायबर त्याच चारीतून येते का तेवढं विचारा. मग महिन्यातून एकदा दुपारी, गिऱ्हाईक नसताना, पहिली लाइन स्वतः काढायची आणि दुसरीवर एक फॉर्म पूर्ण भरून बघायचा, प्रिंटसकट. आणि दोन्ही राउटर एकाच बोर्डात खोचलेले असतील तर एक आजच दुसरीकडे लावा.