बटेर, कबुतरं पाळा. पण औषधाची पुडी दुकानातच राहू द्या

परसातल्या पक्ष्यांबद्दल दर उन्हाळ्यात तेच प्रश्न येतात. उत्तरंही तीच आहेत, तरी पुन्हा लिहितो, कारण पिल्लं अजून मरताहेत.

प्रश्न (मोहोळ): हौस म्हणून एक दिवसाची ५० बटेर पिल्लं आणली. तीन दिवसांत १९ मेली. दुकानदाराने अँटिबायोटिकची पुडी दिली. रोज पाण्यातून देतोय, फरक नाही.

उत्तर: पुडी आत्ताच बंद करा. एवढ्या लहान वयात पिल्लं रोगानेही मरतात, पण आधी व्यवस्था तपासा. बरीच पिल्लं उकाड्याने, गारठ्याने, पाण्यात बुडून किंवा पाय फाकून मरतात. यातल्या एकावरही अँटिबायोटिक चालत नाही.

आधी बल्ब बघा. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची, हे दुकानदाराने सांगितलंच असेल. पण तो आकडा पिल्लांच्या पाठीजवळचा असतो. सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेरच ४२ अंश असतात. अशा वेळी चोवीस तास बल्ब लावणं म्हणजे पिल्लं भाजणं. दुपारी बल्ब बंद, पहाटे चालू. तापमापक नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात: बल्बखाली गोळा झाली तर गार पडली, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागली तर उष्णता जास्त, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक.

दुसरं पाणी. बटेरचं पिल्लू आठ-दहा ग्रॅमचं असतं, ते बशीभर पाण्यातही बुडतं. भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाका. तिसरं, खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर पाय घसरून फाकतात. त्याऐवजी गोणपाट घाला.

आता त्या पुडीबद्दल. ती हजार ब्रॉयलरच्या हिशोबाने भरलेली असते. घरात पिल्लं पन्नास, मग चिमटीच्या अंदाजाने औषध पडतं. उन्हात पक्षी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, म्हणजे पाण्यातून औषधही तितकंच जास्त पोटात जातं. पाणी कडू झालं तर तो पितच नाही आणि तहानेने मरतो. दोन्ही प्रकार मी बऱ्याच घरांत पाहिलेत. दोन्हीकडे मालक सांगतो की औषध चालू असताना मेली. औषध चालू होतं म्हणूनच मेली. पुडीवर कोलिस्टिन हे नाव दिसलं तर ती परत करा. खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे, तरी जुना माल काढणारे आहेत. डॉक्टरने पक्षी बघितल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. दुकानदार डॉक्टर नाही.

आणि एप्रिल-मे मध्ये पिल्लं आणूच नका. पाऊस उघडल्यावर आणा. उन्हाळ्यात स्वस्त मिळतात, कारण विकणाऱ्याकडेही मरत असतात.

आहेत ते पक्षी वाचवायचे असतील तर माझा एकच आग्रह आहे: खुराड्याच्या पत्र्यावर वीतभर जाड कडबा किंवा तुऱ्हाट्या टाका, बाजूंना गोणपाटाचे पडदे लावा, दुपारी ते ओले करा, खालचा तूस मात्र कोरडा ठेवा. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर, दुपारी ११ ते ४ खाद्य उचलून घ्या, थंड पाणी कायम. पचनाची उष्णता उन्हात भर घालते, म्हणून मोठे पक्षी भरल्या पोटी दुपारी मरतात. लहान पिल्लांचं खाद्य मात्र अडवू नका. मालदांडी ज्वारीचा कडबा ज्यांच्या दारात आहे त्यांनी फॉगरच्या (पाण्याचं धुकं सोडणाऱ्या यंत्राच्या) जाहिराती वाचायची गरज नाही.

प्रश्न (बार्शी): बटेर नऊ आठवड्यांचे झाले, १५ पैकी तीन-चारच अंडी. अंडी वाढायचं टॉनिक देऊ का?

उत्तर: आधी छाती बघा. नराची छाती सारखी तांबूस, मादीच्या छातीवर काळे ठिपके. हे तीन आठवड्यांपासून ओळखू येतं. अशा तक्रारीत बऱ्याचदा नरच जास्त निघतात. माद्या म्हणून नर देणं जुनं आहे, म्हणून छाती दिसू लागल्यावरच पक्षी घ्या. दोन-तीन माद्यांना एक नर पुरे, जादा नर काढा, नाहीतर माद्यांच्या पाठी सोलतात. मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते आणि तिला दिवसात १६ तास उजेड लागतो. संध्याकाळी एक दिवा लावा. टॉनिकने उजेड वाढत नाही. खाद्य लेअरचं (अंड्यावरच्या कोंबडीचं), रोज पक्ष्यामागे २० ते २५ ग्रॅम, भांड्यात शिंपल्याचा चुरा. पिल्लांना मात्र लेअर खाद्य देऊ नका, त्यातला चुना त्यांची मूत्रपिंडं खराब करतो. घरचं सोयाबीन भाजल्याशिवाय घालायचं नाही.

बटेरचं अंडं दम्यावर औषध असल्याचं सांगून जास्त पैसे घेतात. ते दहा ग्रॅमचं अंडं आहे, पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक. चवीने खा.

प्रश्न (सांगोला): ढाबळीत उवा-पिसवा झाल्यात. दुकानातून गोचिडाचं औषध आणून कबुतरांवर मारलं, चार मेली.

उत्तर: गोचिडाचं औषध जनावराच्या जाड कातडीसाठी असतं. कबुतर पिसं चोचीने साफ करतं, म्हणजे सगळं तोंडात जातं. डाळिंबावर औषध फवारलेला पंप तर ढाबळीत नेऊच नका, धुतलेला असला तरीही. रक्त पिणारे लाल किडे दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसून फळ्यांच्या फटींत असतात. फटीत चुना भरा, फळ्या उन्हात टाका, जुनी घरटी जाळा. पक्ष्यांना अंघोळीला पसरट भांड्यात पाणी ठेवा. ढाबळ झाडताना तोंडाला फडकं बांधा आणि विष्ठेवर आधी पाणी शिंपडा. त्या धुळीने फुफ्फुसं बिघडतात, म्हणून झोपायच्या खोलीला लागून ढाबळ नको.

प्रश्न (अक्कलकोट): कबुतर मान मुरगळतं, दाणा टिपताना चोच चुकते.

उत्तर: बहुधा कोंबड्यांच्या मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) जातीचाच विषाणू. त्यावर औषध नाही, व्हिटॅमिनच्या बाटलीने तर अजिबात नाही. पक्षी वेगळा करा, घरच्या कोंबड्या दूर ठेवा, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. लस दवाखान्यातूनच घ्या, बर्फात ठेवलेली, आणि पहाटे द्या. दुकानाच्या फळीवर ठेवलेली लस म्हणजे नुसतं पाणी. कोंबडी, कबुतर, बटेर एका खुराड्यात कधीच नको. एकदम बरेच पक्षी मेले तर उकिरड्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखान्यात सांगा.

योजनेबद्दल तीन जणांनी विचारलं. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे, पण ते हजार मातृपक्ष्यांच्या प्रकल्पाला, परसातल्या हौसेला नाही. पक्षी आमच्याकडून घ्या, आम्हीच परत विकत घेऊ, असा करार कोणी समोर ठेवला तर इमू आणि कडकनाथच्या वेळी शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते आठवा आणि सही करू नका.

दक्षिण सोलापूरच्या एका भावाने रानात जाळं लावून लावे (रानटी बटेर) धरलेत आणि ते पाळता येतील का असं विचारलंय. नाही. पाळायचा तो जपानी बटेर. रानातले लावे, पोपट, मुनिया यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडलेले आज संध्याकाळच्या आत त्याच रानात सोडा आणि जाळं काढून घ्या.