प्रतिजैविकयुक्त शंट महाग असूनही घ्यावा का?

चार महिन्यांच्या पुतण्याच्या हायड्रोसेफॅलससाठी (मेंदूत पाणी साचण्याचा विकार) वाशीतील डॉक्टरांनी सुचवलेल्या प्रतिजैविकयुक्त शंटसाठी (ते पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी, जंतुसंसर्ग रोखणारे औषध असलेली नळी) जास्त पैसे मोजावेत का, असे आपण विचारले आहे. परवडत असल्यास मोजावेत, असे माझे मत आहे. ब्रिटन व आयर्लंडमधील ‘बेसिक्स’ चाचणीत (निष्कर्ष २०१९) प्रथमच शंट बसवलेल्या सुमारे १,६०० लहानमोठ्या रुग्णांची तीन गटांत यादृच्छिक विभागणी झाली होती. संसर्गामुळे शंट बदलावा लागण्याचे प्रमाण साध्या आणि चांदीयुक्त नळीत सुमारे ६ टक्के, तर प्रतिजैविकयुक्त नळीत २ टक्के आढळले. मात्र नळी तुंबण्यासह सर्व कारणे धरल्यास तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता, म्हणून वारंवार उलट्या, फुगलेली टाळू किंवा सुस्ती दिसताच, नळी कोणतीही असो, बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे.