ग्रामीण रुग्णालयात रात्री बलात्कार झालेली बाई आली, तर डॉक्टर येईपर्यंत नर्सनं काय करावं?

सिस्टर, तुम्ही विचारलंय की रात्रपाळीला तुम्ही एकट्या, डॉक्टर पोचायला तास-दीड तास, मग पुरावा बिघडू नये म्हणून तोवर काय करायचं. आपल्याकडे तपासणी आणि अहवाल नोंदणीकृत डॉक्टरांचाच लागतो. पण पुरावा बिघडतो तो बहुधा डॉक्टर येण्याआधी किंवा ते गेल्यावर, आणि तो वेळ तुमच्याच हातात असतो.

पहिलं म्हणजे ‘आधी पोलीस ठाण्यात जा’ म्हणून परत पाठवू नका. पोलिसांचं पत्र नसलं तरी उपचार आणि तपासणी होते, तीही मोफत. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली रुग्णालयप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना कळवणं रुग्णालयाचं काम. तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान बाई ठरवेल, तिचा नकार लिहून ठेवा, उपचार थांबवू नका.

नाडी, बीपी, रक्तस्राव आधी बघा. जीव वाचवण्यापुढे पुरावा दुय्यम. मग तिला दार लागेल अशा खोलीत बसवा, सोबत तिला हवं ते माणूस आणि गरज पडली तर वॉर्डातल्या मावशी.

कपडे बदलायची घाई करू नका. बदलावेच लागले तर जमिनीवर एक चादर, तिच्यावर मोठा स्वच्छ कागद पसरा आणि तिला कागदावर उभं राहून कपडे काढू द्या. अंगावरून पडलेली माती, केस, गवताची काडी त्या कागदावरच राहते, तो तसाच घडी करून वेगळ्या पाकिटात ठेवायचा. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत, डाग किंवा फाटलेल्या जागेवर घडी पडू न देता. ओला असेल तर आधी सावलीत वाळवा. सॅनिटरी पॅडही टाकू नका, वाळवून कागदात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा: ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए नासतो. स्वॅबचंही, म्हणजे शरीरावरून नमुना घेतलेल्या कापसाच्या बोळ्याचंही तेच. ओला स्वॅब बंद करू नका, उन्हात किंवा हीटरपुढे धरू नका, खोलीतल्या हवेत वाळू द्या. पाकिटावर नाव, केस पेपर नंबर, शरीराची जागा, तारीख, वेळ हे आधीच लिहा. वाळायला ठेवलेले स्वॅब एकमेकांत मिसळले की त्यांचा उपयोग संपतो.

तोंडाशी संबंध आल्याचं ती सांगत असेल तर डॉक्टर आल्या आल्या तोंडाचा स्वॅब पहिला घ्यायला सांगा, म्हणजे तिला पाणी पिता येईल. पण फार उशीर होणार असेल तर पाणी द्या आणि तशी नोंद करा. तिला तहानलेली ठेवून पुरावा जपायचा नसतो. गुंगीचं औषध दिल्याचा संशय असेल तर पहिली लघवी बाटलीत घ्या.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचा पुरावा ९६ तासांपर्यंत घेतात, ७२ तासांनंतर सापडण्याची शक्यता मात्र खूप घटते. कपड्यांवर तो त्यानंतरही मिळतो. औषधांना तेवढीही उसंत नाही. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या होतील तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस चालतात. पहिल्या डोससाठी रिपोर्टची वाट बघू नये. गर्भधारणा टाळायला लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांत, नाइलाज असेल तर ५ दिवसांपर्यंत. ३ तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा. डॉक्टरांना फोन करताना या दोन्ही गोळ्यांचं आधी विचारा.

केस पेपरवर तिचे शब्द तसेच लिहा. अंघोळ, लघवी, कपडे बदलणं यातलं काय झालंय तेही लिहा. ‘जखमा नाहीत म्हणून अत्याचार नाही’ असा निष्कर्ष कुणीही लिहू नये, जखमा नसतातच असं खूपदा होतं. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून करतात ती) कुणी करू लागलं तर थांबवा: ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलंय. संमती १२ वर्षांवरच्या मुलीची स्वतःची, त्याखाली पालकांची. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोलिसांना कळवणं पोक्सोनुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) बंधनकारक आहे, आणि तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची.

सील केलेली पाकिटं पोलीस नेईपर्यंत कुलपात ठेवा. कुणी दिली, कुणी घेतली, किती वाजता, हे सहीसकट लिहा. आणि तिला २ दिवसांनी पुन्हा बोलवा. मुका मार तोवर काळानिळा होऊन दिसायला लागतो, आणि तोही नोंदवता येतो.