तारे नक्की कशाला?

प्रश्न : आमचं घर सांगलीत गावभागात, आजेसासऱ्यांच्या वेळचं. २०१९ च्या महापुरात खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला पुन्हा तेच. मुलगा म्हणतो, आता बास, विश्रामबागला फ्लॅट घेऊ. तिथल्या विक्रीच्या माणसानं सांगितलं की इमारत ‘फाइव्ह स्टार’ आहे, लाइटबिल निम्म्यावर येईल. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, दोन्ही बेडरूम पश्चिमेला. फ्रिजला तारे असतात ते ठाऊक आहे. घरालाही असतात का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, असतात. फ्रिजवरचे तारे केंद्र सरकारच्या ज्या ‘ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’चे, त्यांनीच राहत्या घरांनाही एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. वर्षभरात दर चौरस मीटरमागे घर किती वीज खाईल, यावर ते ठरतात. पण ही योजना सुरू झाली ती ऐच्छिक म्हणून. ज्याला हवे त्यानं अर्ज करायचा. तेव्हा त्या माणसाला एवढंच म्हणा, ‘दादा, इमारतीच्या नावाचं लेबल दाखवा.’ पुष्कळदा ‘फाइव्ह स्टार’ म्हणजे हॉलमधला एसी फाइव्ह स्टार, नाहीतर नुसताच जाहिरातीतला शब्द निघतो.

लेबल नसलं तरी घर वाईट असं नव्हे. २०१८ साली याच ब्यूरोनं ‘इको-निवास संहिता’, म्हणजे वीज वाचवणारी घरं बांधायची नियमावली, आणली. तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. थंड प्रदेश तेवढे वगळलेत. छताचा हिशोब त्यात धरत नाहीत, त्याला निराळी मर्यादा आहे. तुम्ही वरच्या मजल्यावर जाताय, म्हणून छताचं आधी विचारा. स्लॅबवर नुसतं वॉटरप्रूफिंग आहे, की उष्णता अडवणारा थर आणि वर पांढरी फरशी आहे?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढले आणि स्वतःच्या घराला पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा ठेवला नाही. का, तर समोरून घर ‘सपाट, मॉडर्न’ दिसावं म्हणून! गवंडी म्हणाला होता, ‘साहेब, ऊन शिरंल.’ मी त्यालाच शहाणपण शिकवलं. एप्रिलमध्ये रात्री दहाला त्या भिंतीला पाठ लावली की भाकरीच्या तव्याला टेकल्यासारखं वाटायचं. शेवटी बाहेरून छज्जे बांधून घेतले आणि गच्चीला चुना दिला. बायको अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते.

तर फ्लॅट बघायला सकाळी जाऊ नका, सकाळी सगळेच फ्लॅट गार असतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सात-आठला जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा, मग पूर्वेच्या भिंतीला लावा. खिडक्या सरकत्या आहेत का बघा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कशीही उघडा, निम्मीच उघडते. संहितेतसुद्धा ती ५० टक्केच धरतात. जुनी बिजागरीची, दारासारखी उघडणारी खिडकी ९० टक्के.

लाइटबिल निम्म्यावर येण्याचं म्हणाल, तर भिंत चांगली असली की पंखा, कूलर, एसी यांचं काम हलकं होतं. गिझर आणि फ्रिजला भिंतीशी फारसं घेणंदेणं नाही. २००० वॅटचा गिझर तासभर तापला की दोन युनिट गेले, घर गावभागात असो की विश्रामबागला. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून मे आणि जानेवारीतला फरक बघा, गारव्यावर जाणारी वीज साधारण तेवढीच. फरक ४० युनिटांचा असेल, तर इमारतीमुळे वाचून वाचून किती वाचणार?

आणि तुमच्या त्या जुन्या घराच्या हातभर जाड भिंती? पुराचं काही करता येत नाही ते खरंच, मुलाचं चुकत नाही. पण उन्हाळ्यापुरतं बोलायचं, तर माझा कौल तुमच्या माजघराला.

प्रश्न : घरात चार जुने पंखे आहेत. सगळे बदलून नवे फाइव्ह स्टार घ्यावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या. रोज बारा तास चालला, तर महिन्याला जुन्याचे २७ युनिट, नव्याचे अकराच्या आत. एका पंख्यामागे सोळा युनिट सुटले. आपल्याकडे घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर एकदम चढतो. तुमचं बिल १२०-१३० वर रेंगाळत असेल, तर दोन पंख्यांतच तुम्ही खालच्या टप्प्यात याल. म्हणून जिथे झोपता तिथला आणि बैठकीतला आधी बदला. दुकानात लेबलवरचं सालही वाचा. निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून जुन्या सालचे पाच आणि नव्या सालचे पाच सारखे नसतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा राहू द्या. पाहुणे कोरेगावचेच असतील, तर ते तसेही संध्याकाळच्या एसटीनं परत जातात.