चौकटीत काय ठेवावं, काय वगळावं

प्रश्न : आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. मखर, फुलोरा, विजेच्या माळा, फराळाची ताटं, सगळं मन लावून मांडतो. समोर उभं राहिलं की डोळे निवतात. फोटोत मात्र नुसता पसारा दिसतो. मोबाइल चांगला आहे. मग अडतं कुठे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : मोबाइलमध्ये काही खोट नाही. आरतीला उभं असताना तुमचं सगळं लक्ष मुखवट्यांवर असतं, म्हणून मागची ट्यूबलाइट, खुर्चीचा पाय, वायरचं भेंडोळं नजरेला येत नाही. कॅमेरा ते सगळं टिपतो. निवड तुम्हालाच करायची असते, आणि तीही बटण दाबण्याआधी.

चित्रकलेच्या तासाला हा विषय निघाला की मी मुलांपुढे एकच चित्र ठेवायचे : सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’. तुम्हीही ते कॅलेंडरवर नाहीतर कुणाच्या दिवाणखान्यात पाहिलं असेल. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. सावंतवाडीकडच्या या चित्रकाराचं नाव घराघरांत माहीत असायला हवं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि ते जलरंगातलं आहे. त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती.

एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड. उजेड बोटांमधून लालसर होऊन झिरपतो, चेहऱ्यावर पडतो आणि साडीवर उतरता उतरता मंद होत जातो. मागे देव्हारा नाही, तोरण नाही, आरास नाही. एवढा निष्णात हात होता, हे सगळं सहज रंगवता आलं असतं. पण मग त्या बोटांकडे कोण बघणार? पारदर्शक जलरंगात तर पांढरा रंग लावतच नाहीत, सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. म्हणजे उजेड कुठे पडणार, हे पहिला हात मारण्याआधीच ठरवावं लागतं.

तुम्हीही तेच करा. फोटोपुरती ट्यूबलाइट आणि माळा बंद ठेवा. दोन्ही बाजूंच्या समया राहू द्या, एखादा पिवळा दिवा बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको. आता डोळे किलकिले करून पाहा. बारकावे विरघळतात आणि फक्त उजळ-काळोखे डाग उरतात. सगळ्यात उजळ डाग मुखवट्यांचा आहे की समोरच्या स्टीलच्या ताटाचा? ताटाचा असेल तर ताट बाजूला सरकवा. मग चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. अर्धवट कापलेली खुर्ची, कुणाचा तरी कोपर नेमका तिथे सापडतो. फुलोऱ्याचा फोटो वेगळा काढा. त्यामागे घरातल्या बायकांचे किती तास गेलेले असतात, त्याला त्याची स्वतंत्र चौकट मिळायलाच हवी.

प्रश्न : मी ग्रिड चालू करून माणूस बरोबर रेषांच्या छेदावर आणतो. तरी फोटो सपक वाटतात. मधोमध ठेवलेलं कधीच चालत नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चालतं की! ग्रिडच्या रेषा चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग करतात, म्हणून त्यामागचा नियम एक-तृतीयांशाचा. त्याला हे नाव देणारा जॉन थॉमस स्मिथ हा इंग्रज खोदचित्रकार. निसर्गचित्रांवरच्या त्याच्या १७९७ सालच्या पुस्तकात हा नियम आहे. त्याचा भर छेदबिंदूंवर नव्हता, वाटणीवर होता : आकाश दोन भाग तर जमीन एक भाग, किंवा उलट. दोघांना निम्मं-निम्मं दिलं की कोण महत्त्वाचं ते कळत नाही. तुमचे फोटो मला पाहायला मिळालेले नाहीत, पण माणूस छेदावर आणि उरलेली जागा कशाचीच नाही, असं होत असावं. ती जागा त्याच्या नजरेला द्या, नाहीतर तो ज्या रस्त्याने चाललाय त्या रस्त्याला द्या.

मध्याचं म्हणाल तर वारली घरातला लग्नचौक पाहा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौकोन, आणि त्यात मधोमध पालघाट देवी. चारही बाजूंनी नक्षीची किनार. तिथे देवी एका बाजूला सरकवून चालेल का? ती स्थिरच हवी. तारपा नाचाचं चित्र मात्र पाहा : हातात हात गुंफलेल्या माणसांची साखळी तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती वळत जाते, एकेक देह म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. तोच त्रिकोण पुन्हा पुन्हा येतो, पण प्रत्येक वेळी जरासा कललेला, म्हणून साखळी फिरताना दिसते. देवीला मध्य, नाचाला वळण. आधी विषय काय मागतो ते पाहा, ग्रिड नंतर.

प्रश्न : साधा फोटो कृष्णधवल केला की कलात्मक होतो का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : फोटो रंगावर उभा असेल तर उलट तो पडतो. हिरव्या साडीवर लाल काठ डोळ्यांना ठसठशीत दिसतो; दोन्ही सारखेच गडद असतील तर कृष्णधवलमध्ये काठ साडीत मिसळून जातो. रेषा आणि उजेडावर उभा असेल तर जरूर करा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा फ्रान्समधल्या इयेर गावचा फोटो शोधून पाहा : वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचा कठडा, आणि खालच्या रस्त्यावरून सुळकन जाणारा, धूसर झालेला सायकलवाला. कठड्याचं वळण नजरेला थेट त्याच्यापाशी नेऊन सोडतं. रंग असते तरी कामाचे नव्हते. तुमच्या फोटोची मोबाइलवर एक प्रत कृष्णधवल करा, अगदी नखाएवढी लहान करून पाहा. मुख्य आकार तरीही ओळखू आला तर तीच ठेवा.