उसावरील लोकरी मावा, जैविक कीटकनाशके आणि मित्रकीटक

करवीर तालुक्यातील आपल्या उसावर लोकरी मावा आला आहे, दुकानदाराने व्हर्टिसिलियम (कीटकांना रोग करणारी बुरशी), निंबोळी अर्क आणि बीटी (अळ्या मारणारा जिवाणू) एकत्र फवारायला सांगितले आहे, आणि औषधे जैविक असल्याने मित्रकीटकांना धोका नाही ना, असे आपण विचारले आहे. धोका आहे, पण प्रत्येक औषधाचा वेगळा.

तिन्हींत बीटी सर्वांत निर्धोक मानले जाते. त्यातील प्रथिन पतंगवर्गीय अळीने खाल्ल्यावर तिच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होऊन आतड्याचे अस्तर फोडते. ढालकिडा किंवा क्रायसोपर्ला या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांना त्याची सहसा बाधा होत नाही. उसात मात्र हा हिशेब बदलतो, कारण लोकरी माव्याचा मोठा शत्रू असलेला डिफा हा स्वतः पतंगवर्गीय आहे आणि मावा खाते ती त्याची अळीच. ती पान कुरतडत नाही, त्यामुळे औषध तिच्या पोटात कमी जाईल. तरी औषध लागलेला मावा ती खाणारच. शिवाय मावा सोंड खुपसून आतला रस शोषत असल्याने पानावर पडलेले बीटी त्याला मारत नाही. त्यामुळे बीटी या मिश्रणातून काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन.

निंबोळी अर्काचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी प्रौढ ढालकिडे पानावर फिरताना दिसतात आणि आपण निश्चिंत होतो. पण अॅझाडिरॅक्टिन या निंबोळीतील मुख्य घटकामुळे लहान अळ्यांची कात नीट पडत नाही, काही कोषातच मरतात आणि माद्यांची अंडी कमी होऊ शकतात. व्हर्टिसिलियमचे बीजाणू कातडीवर रुजून आत शिरतात. मित्रकीटकांच्या कोवळ्या अळ्यांनाही त्यांची लागण होऊ शकते, मात्र शेतात ती प्रयोगशाळेतल्यापेक्षा बरीच कमी आढळते.

म्हणून पंप भरण्याआधी पाने उलटून पाहा. मध्यशिरेलगतच्या पांढऱ्या लोकरीत रेशमी जाळी आणि त्याखाली सरकणारी अळी दिसली, तर तो डिफा. कोयत्यासारखे वाकडे जबडे असलेली सडपातळ, चपळ अळी दिसली, तर ती बहुधा मायक्रोमस या दुसऱ्या मावाभक्षक कीटकाची. 2002 साली सांगली-कोल्हापूर पट्ट्यात या माव्याने ऊस पांढरा केला होता, आणि पुढे तो आटोक्यात आणण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. उंच उसात फवारा पानाच्या खालच्या बाजूला नीट पोहोचत नाही, ते मात्र तिथपर्यंत पोहोचतात.

हे कीटक बहुतेक पानांवर दिसत असतील, तर फवारणी थांबवा. ते अजिबात नसतील, तर माव्याच्या ठिकाणांपुरतेच एकटे व्हर्टिसिलियम, हवेत दमटपणा असताना, संध्याकाळी मारा आणि काही सऱ्या न फवारता सोडा. शेजाऱ्याच्या उसात डिफा असेल, तर त्याच्या अळ्या-कोष असलेल्या पानांचे तुकडे आणून आपल्या माव्याच्या पानांना टाचून ठेवा. अशा सऱ्यांवर नंतर कोणतेही औषध जाऊ देऊ नका.